नाशिक ते भंडारदरा: सायकल, तंबू आणि सगळा कुटुंबकबिला

नाशिकहून भंडारदऱ्याला गाडीने दोनेक तास लागतात. तेच अंतर सायकलीवर जाऊन-येऊन, दोन कुटुंबं मिळून, मुलं, तंबू आणि शिधा घेऊन करायचं तर चार दिवस धरा. तीन दिवसांतही होतं, पण मग तिसऱ्या दिवशी मुलं सायकलीकडे बघायलाही तयार होत नाहीत. इथला हिशोब चार मोठी माणसं आणि ११ ते १४ वयाची दोन मुलं असा धरलाय. माणसं वाढली तर शिधा वाढवा, रोजचं अंतर नको.

सायकलिंगमध्ये नाशिकचं नाव मोठं आहे. २०१५ मध्ये हितेंद्र आणि महेंद्र या महाजन डॉक्टर बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून शहरात शंभर-दोनशे किलोमीटर सहज मारणारे बरेच झाले. कुटुंबाच्या सहलीत नेमके हेच लोक गणित चुकवतात. सामानासह, मुलांसह चालता वेग ताशी १२-१३ किलोमीटर असतो आणि थांबे धरले की तो ८-९ वर येतो. म्हणजे ४५ किलोमीटरला पाच-साडेपाच तास. सकाळी साडेसहाला निघालात तर बाराच्या सुमारास पोहोचता, आणि एक पंक्चर व एक रुसवा धरला तर दीड वाजतो. दुपारी दोनच्या आत मुक्कामी टेकायचं, एवढं ठरवूनच रोजचं अंतर ठरवा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात तंबू लावणं, पाणी शोधणं आणि खिचडी टाकणं ही तिन्ही कामं एकदम आली की भांडणं ठरलेली.

कधी जायचं

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात इगतपुरी-भंडारदरा पट्टा सुंदर दिसतो हे खरं, पण ओल्या तंबूत, धुक्यात, खड्डे न दिसणाऱ्या रस्त्यावर मुलांना नेऊ नये. मार्चनंतर दुपारचं ऊन सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत जलाशयाच्या काठी रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरू शकतो, हे लक्षात घेऊन पांघरूण निवडा. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तीनाथांची यात्रा असते आणि त्या आठवड्यात त्र्यंबक रस्ता दिंड्यांनी भरलेला असतो. शिवाय २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. या काळात त्र्यंबकच्या बाजूने निघण्याआधी रस्त्याची आणि गर्दीची चौकशी करा.

रस्ता

सरळ वाट म्हणजे मुंबई महामार्गाने वाडीवऱ्हे, घोटी आणि तिथून भंडारदरा, सुमारे ७० किलोमीटर. मुलं बरोबर असतील तर जाताना ही नको. कडेची पट्टी बरी असली तरी कंटेनरच्या वाऱ्याने हलकी सायकल आणि हलकं मूल दोन्ही हलतात. समृद्धी महामार्गावर सायकलला परवानगीच नाही, त्यामुळे नकाशाच्या ॲपने तो सुचवला तरी तिकडे वळू नका. ॲपला 'पायी' किंवा 'सायकल' असं सांगितलं नसेल तर तो हमखास सुचवतो.

पहिला दिवस: त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीपर्यंत, मग त्र्यंबकच्या थोडं अलीकडे पेगलवाडीजवळ डावीकडे घोटीकडे जाणारा रस्ता, पहिने आणि पुढे वैतरणेच्या जलाशयाचा परिसर. सुमारे ४५ किलोमीटर. अंजनेरीपर्यंतचा चढ डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळतो. पहिन्यानंतर रहदारी उतरते. शनिवार-रविवारी मात्र याच रस्त्यावर हौशी गाड्यांची झुंबड असते, म्हणून शक्यतो गुरुवारी किंवा शुक्रवारी निघा.

दुसरा दिवस: वैतरणा, घोटी, बारी, शेंडी (भंडारदरा धरणाजवळचं गाव). पन्नासच्या आसपास, आणि हाच सगळ्यात अवघड दिवस. घोटी सोडल्यावर रस्ता हळूहळू चढत जातो आणि बारीच्या अलीकडे खरा चढ लागतो. उजव्या हाताला कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर. बघायच्या निमित्ताने थांबता येतं, आणि थांबायला निमित्त लागतंच. घोटीत दहाच्या आत पोहोचलात तर चढ ऊन तापायच्या आधी सुटतो. अकरा वाजून गेले असतील तर हट्ट न करता बारीतच मुक्काम करा. कळसूबाईच्या गिर्यारोहकांमुळे तिथे राहण्या-जेवण्याची सोय होते.

तिसरा दिवस भंडारदऱ्यात थांबायचं. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघायला जलाशयाच्या कडेने रिकाम्या सायकलीवर जाता येतं. ज्यांना फक्त पाण्यात दगड मारायचेत त्यांना तेवढंच करू द्या.

चौथा दिवस: घोटीपर्यंत बहुतेक उतार, सुमारे ३५ किलोमीटर. तिथून मोठ्यांनी सिन्नर रस्त्याने पांढुर्ली, भगूर, देवळालीमार्गे नाशिक गाठावं. मुलं आणि दमलेले यांच्यासाठी घोटीहून छोटा हत्ती ठरवा. तो आधीच बोलून ठेवा आणि जाताना चालकाला भेटून भाडं ठरवा. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून येतो, म्हणजे परतीला तोंडावर. जाताना मारलेला वेग पाहून परतीचा अंदाज बांधू नका.

सायकल: नवी नको, नीट केलेली हवी

महागडी टूरिंग सायकल लागत नाही. हायब्रिड किंवा पुढचं सस्पेन्शन असलेली साधी एमटीबी (माउंटन बाइक) पुरते. मागचं सस्पेन्शन असलेली सायकल मात्र टाळा, तिच्यावर साधा कॅरियर बसत नाही. सीटच्या दांड्याला आवळायचा कॅरियर मिळतो, पण तो नऊ-दहा किलोंच्या वर भार घेत नाही आणि वळणावर बाजूला फिरतो.

टायर: रस्त्यासाठी ३५ ते ४० मिलिमीटर रुंद, किंवा २६ इंचीला दीड ते दोन इंच. २३-२८ मिलिमीटरच्या रोडबाइकवर सामान लादलं की खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपून सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. व्हॉल्व्ह कोणता आहे ते घरीच बघा. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कोणत्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक, चकती असलेला फ्रेंच व्हॉल्व्ह असेल तर घोटीच्या पुढे त्याला जोडणारा पंप मिळेल असं धरू नका. पितळी अडॅप्टर अगदी स्वस्त असतो, प्रत्येक अशा सायकलीमागे एक घ्या.

गिअर: पुढची सगळ्यात लहान चकती २८ दात आणि मागची सगळ्यात मोठी ३४ असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे पावणेदोन मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी सहा-साडेसहा किलोमीटर, म्हणजे चालण्याहून थोडं जास्त. सामानासह चढाला हेच हवं. मागची चकती २४ किंवा २८ चीच असेल तर मेकॅनिककडून मोठी टाकून घ्या. डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला) ती पेलते का हे त्यालाच विचारा. गुडघे चढाने कमी आणि जड गिअरने जास्त दुखतात.

मागचं चाक नीट बघा, कारण सामानाचा भार तिथेच पडतो. आरे (स्पोक) तुटतात ते बहुतेक मागच्या चाकाचे, चेनच्या बाजूचे. कारण एकटं ओझं नसतं. ढिल्या आऱ्यांना प्रत्येक फेऱ्यात ताण-ढील-ताण असा झटका बसतो आणि ते मानेशी थकतात. दोन-दोन आरे चिमटीत दाबून पाहा. एखादी जोडी मऊ लागली तर निघायच्या किमान आठवडाभर आधी चाक ट्रू (आरे ताणून सरळ) करून घ्या, म्हणजे मध्ये एखादी फेरी मारून पुन्हा तपासता येतं. आदल्या दिवशी केलेलं काम वाटेत सैल होतं. वाटेत आरा तुटलाच तर तो शेजारच्या आऱ्याला गुंडाळा, त्याच्या दोन्ही बाजूंचे लगतचे आरे अर्धा-अर्धा फेरा सैल करा आणि ब्रेकला रिम घासत असेल तर ब्रेक मोकळा करा. मागचं थोडं सामान दुसऱ्याकडे द्या आणि गावापर्यंत हळू चला. त्या चाकाचा ब्रेक मोकळा असेल तर उतार चालत उतरायचा.

कॅरियरचे पाच मिलिमीटरचे बोल्ट रोज सकाळी हाताने हलवून बघा. एक बोल्ट सैल झाला की दुसऱ्यावर भार येतो, तो तुटतो आणि कॅरियर थेट डिरेलरवर किंवा चाकात बसतो. निघताना बोल्टला थ्रेडलॉकचा (आटे धरून ठेवणाऱ्या डिंकाचा) एक थेंब लावा आणि दोन जादा बोल्ट फ्रेमलाच टेपने चिकटवून ठेवा. सामान बांधायला हुकाच्या इलॅस्टिक दोऱ्यांपेक्षा मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन इंची पट्ट्या बऱ्या. हूक सुटून आऱ्यात अडकतो, पट्टी सुटली तर नुसती लोंबते. अर्थात ती लोंबतेय हे मागच्याने ओरडून सांगायला हवं.

किती ओझं, कुठे

मोठ्या माणसाने पाण्याशिवाय १२ ते १५ किलो, मुलाने फार तर दोन: स्वतःचं जाकीट, खाऊ आणि बाटली. मुलं उत्साहात जास्त मागतात, देऊ नका. त्यांची सायकल आधीच त्यांच्या वजनाच्या मानाने जड असते.

जड वस्तू, म्हणजे कुकर, तांदूळ आणि हत्यारं, कॅरियरच्या दोन्ही बाजूंच्या झोळ्यांत तळाशी आणि पुढच्या टोकाला ठेवा. तंबू कॅरियरच्या वर आडवा. डावी-उजवी बाजू ताणकाट्यावर मोजा. किलोभराचा फरक चालतो, तीन किलोंचा फरक उतारावर हँडल ओढतो. झोळी लावल्यावर सायकलवर बसून पायडल उलटं फिरवा. टाच झोळीला लागत असेल तर झोळी मागे सरकवा, नाहीतर पन्नास किलोमीटरभर हेच चालतं. पाठीवर सॅक नको, पहिल्या दिवशी संध्याकाळी मान आणि बूड दोन्ही तक्रार करतात.

सगळं सामान लादून उतारावर सायकल थरथरायला लागली तर हँडल घट्ट आवळू नका. एक गुडघा फ्रेमच्या वरच्या दांड्याला दाबा आणि हलका मागचा ब्रेक लावा. थांबल्यावर हेडसेट (हँडल फिरतं तो सांधा) ढिला आहे का आणि सामान मागे फार सरकलंय का, ते बघा.

हत्यारं आणि पंक्चर

गटात एकच पिशवी, आणि ती सगळ्यात मागे चालणाऱ्याकडे. पुढच्याकडे असेल तर बिघाड मागे होतो आणि पिशवी चार किलोमीटर पुढे गेलेली असते. पिशवीत:

प्रत्येक मापाच्या दोन ट्यूब, तीन टायर लिव्हर, सोल्युशनच्या दोन नव्या नळ्या (एकदा उघडलेली महिन्याभरात सुकते), पॅच, पॉलिश पेपर, ॲलन कीचा संच, चेन टूल, त्या-त्या चेनच्या दोन क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या), प्रत्येक लांबीचे दोन-तीन आरे, एक गिअर केबल, एक ब्रेक केबल, ब्रेक पॅडची एक जोडी, केबल टाय, तार, जुन्या टायरचा चार इंची तुकडा.

हा शेवटचा तुकडा टायर फाटल्यावर आतून लावायला. या भागात पंक्चर बाभळीच्या आणि बोरीच्या काट्यांनी होतात. दुसरं पंक्चर मात्र बहुतेकदा आपल्याच घाईने होतं. नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा आणि काटा सापडेपर्यंत टायर बसवू नका. सोल्युशन लावल्यावर चमक जाईपर्यंत चार-पाच मिनिटं थांबा, ओल्यावर पॅच लावला तर तो हवेच्या दाबाने सुटतो. सायकल रस्त्याच्या कडेला नेऊन काम करा, मुलांना उताराच्या बाजूला उभं करू नका.

रस्त्यावर रांग कशी

वेग सगळ्यात सावकाश चालणारा ठरवतो. त्याला पुढून दुसरा ठेवा, शेवटी नाही. शेवटी ठेवलेला माणूस प्रत्येक थांब्यावर पोहोचतो तेव्हा बाकीचे निघायच्या तयारीत असतात, म्हणून त्याला विश्रांतीच मिळत नाही. मुलाच्या मागे एक मोठा, थोडा उजवीकडे सरकून, म्हणजे मागून येणारी गाडी आधी त्याला बघून बाजू घेते. दोघं शेजारी-शेजारी गप्पा मारत चालणं फक्त मोकळ्या गावरस्त्यावर. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबायचं. ॲपपेक्षा हा नियम जास्त माणसं शाबूत ठेवतो.

हेल्मेट सगळ्यांना, आणि मागे लाल दिवा दिवसाही. घोटी-इगतपुरी भागात सकाळी धुकं असतं. दहा वर्षांखालच्या मुलांना या वाटेवर स्वतःची सायकल देऊ नये. पाच वर्षांपर्यंतचं, २०-२२ किलोंपर्यंतचं मूल मागच्या सीटवर बसवता येतं, पण मग त्या सायकलीवर दुसरं सामान शून्य. मधल्या वयाच्या मुलांसाठी गंगापूर धरणाच्या आसपासची एका रात्रीची सहल पुरे. तशी रंगीत तालीम खरं तर सगळ्यांनीच आधी करावी: पंधरा-वीस किलोमीटर, पूर्ण सामान, एका ओळखीच्या शेतात मुक्काम. काय विसरलं आणि काय उगाच घेतलं ते त्याच रात्री कळतं.

पाणी आणि खाणं

दर तासाला मोठ्याला अर्धा ते पाऊण लिटर, तहान लागायची वाट न बघता. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमध्येच विरघळवायचं, छोट्या बाटलीत अख्खं ओतायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. जलाशयाचं पाणी उकळूनच प्या. गावातली विहीर आणि हातपंप यांचं पाणीही मुलांसाठी उकळलेलं बरं.

निघताना मिसळ नको. तर्री पोटात घेऊन त्र्यंबक रस्ता चढणं म्हणजे दर पाच किलोमीटरला पाणी मागणं, ती परतल्यावर खा. सकाळी दशमी किंवा धपाटं, दही-गूळ आणि चहा. वाटेत दर पाऊण तासाला मूठभर काहीतरी: चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, केळं, खजूर, चिवडा. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. आधी चिडचिड होते, मग हात थरथरतात. मूल विनाकारण रडू लागलं तर आधी खायला द्या, समजूत नंतर काढा.

रात्रीची खिचडी सहा जणांना: तांदूळ ४५० ग्रॅम, मूगडाळ २२० ग्रॅम, चार वाट्यांना सोळा वाट्या या हिशोबाने चौपट पाणी, तूप, हळद, जिरं, मीठ. तीन लिटरच्या कुकरात तीन खेपा करा. डाळ-तांदळाचा कुकर अर्ध्याच्या वर भरला तर फेस शिट्टीत अडकतो. पहिल्या रात्रीचाच तांदूळ नाशिकहून न्या, पुढचा घोटीत घ्या. भातगिरण्यांचं गाव आहे, ओझं उगाच वाहायचं नाही.

गॅस: स्वयंपाक आणि सकाळचा चहा धरून रात्रीला सुमारे १०० ग्रॅम. तीन रात्रींना २२०-२३० ग्रॅमचे दोन डबे. शुद्ध ब्युटेन थंडीत आळसावतं, पहाटे आच मंद झाली तर रिकामा समजून डबा फेकू नका. तो आदल्या रात्री पांघरुणात ठेवला की चालतो. डब्यावर बसणाऱ्या शेगडीभोवती वाऱ्याचा आडोसा पूर्ण बंद करू नका, डबा तापून फुटू शकतो. तंबूत शेगडी कधीच पेटवू नका. आगीइतकाच धोका धुराबरोबर साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा असतो आणि त्याला वास नसतो.

तंबू कुठे लावायचा

परवानगी आधी, खिळा नंतर. शेताच्या मालकाला विचारा, तो सापडला नाही तर सरपंच किंवा पोलीस पाटील. बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत, फक्त 'कुठून आलात, कधी जाणार' याचं सरळ उत्तर द्या. भंडारदऱ्यात जलाशयाकाठी स्थानिक लोक जागा, जेवण आणि शौचालय देतात, मुलांबरोबर तेच निवडा. रतनवाडीचा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, आणि शेकोटी अजिबात नाही.

जागा पाण्यापासून निदान तीस मीटर दूर आणि थोडी उंच. अगदी काठावर दव जास्त पडतं, गार हवा खोलगटात साचते आणि गुरं पाण्याला त्याच वाटेने येतात. डोक्यावर वाळकी फांदी आणि आग्यामोहोळ आहे का, ते उजेडात बघा. पोळ्याखाली चूल म्हणजे आपत्ती. मुरुमात बारीक खिळे वाकतात. सहा इंची जाड लोखंडी खिळे न्या, नाहीतर दोरी दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा दगड ठेवा. तंबूखालचं ताडपत्रीचं कापड तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान हवं. बाहेर आलं तर दव त्यावर साचून आत शिरतं. हवेच्या जाळ्या थंडीतही उघड्या ठेवा. बंद केल्यात तर चार जणांचा श्वास छतावर पाणी होऊन पहाटे अंगावर ठिबकतो.

खालून येणारी थंडी वरच्या थंडीपेक्षा जास्त, म्हणून जाड गादीपेक्षा फोमची चटई आणि तिच्याखाली ताडपत्री. सुती बनियन सायकल चालवताना नको. घाम धरते, काचते आणि थांबलं की गारठवते. रात्रीचे कपडे वेगळे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ते दिवसा कोणीही घालायचे नाहीत.

तंबूची चेन दिवसरात्र बंद. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही, पण बंद तंबूत ती येत नाही. बूट आत ठेवा, घालण्याआधी झटका. कोणाला चावलंच तर बांधू नका, कापू नका, हात-पाय हलवू न देता थेट रुग्णालय. घोटी आणि राजूर इथे ग्रामीण रुग्णालयं आहेत, रुग्णवाहिकेसाठी १०८. उसाच्या शेतांजवळ आणि ओढ्याकाठी बिबट्याचा वावर असतो. संध्याकाळी आणि पहाटे मुलांना परसाकडे एकटं पाठवू नका, बरोबर मोठं माणूस आणि टॉर्च.

परत आल्यावर

त्याच संध्याकाळी तंबू उघडून वाळवा, दव लागलेला गुंडाळून ठेवला तर आठवड्यात बुरशी आणि आतल्या लेपाला कायमचा कुबट वास. चेन फडक्याने पुसून तेल द्या. कॅरियरचे बोल्ट पुन्हा तपासा, मागच्या चाकाचे आरे पुन्हा चिमटीत धरून बघा. उरलेल्या गॅसच्या डब्यावर किती ग्रॅम शिल्लक आहे ते वजन करून स्केचपेनने लिहून ठेवा.